ससा, शेळी आणि जवस

सोलापुराहून बीडकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, बालाघाटाच्या माळरानांत, येरमाळा हें गांव आहे. येडेश्वरीच्या यात्रेमुळें तें दूरवर परिचित झालें. चैत्री पौर्णिमेची गर्दी ओसरली कीं माळ पुन्हां जनावरांचा होतो. दिवसा तेथें काळ्या उस्मानाबादी शेळ्या चरतात. ह्या जातीस नांवच ह्या जिल्ह्यावरून मिळालें. तिन्हीसांजेस झुडपांतून रानससा बाहेर पडतो. दोघांचा चारा पुष्कळसा एकच. परंतु त्यांतील स्निग्धांशाची पोटांत जी वाट लागते, ती मात्र दोघांची अगदीं निराळी.

हिरव्या पानांत तेल असतें हें ऐकून कित्येकांस नवल वाटेल. तें थोडें असतें, पण त्यांतला मोठा भाग ज्यास रसायनशास्त्र ओमेगा-३ म्हणतें त्या वर्गांतील मेदाम्लाचा असतो. हेंच अम्ल जवसांत विपुल आहे. जवसाच्या तेलाचा निम्मा किंवा त्याहून अधिक भाग त्याचाच. मराठवाड्याच्या काळ्या रानांत पिकणाऱ्या करडईच्या तेलांत ओमेगा-६ वर्गाचें अम्ल प्रमुख असतें. अमेरिकेंत बर दांपत्यानें १९२९ सालीं उंदरांना स्निग्धांशरहित अन्न देऊन पाहिलें. उंदरांची वाढ खुंटली, कातडीस खवले आले. कांहीं मेदाम्लें शरीरास घडवितां येत नाहींत, तीं अन्नांतूनच मिळवावीं लागतात, हें त्या प्रयोगांवरून उमगलें.

आतां शेळीकडे पाहूं. तिनें खाल्लेला घांस प्रथम कोटीपोटांत पडतो, आणि तेथें अब्जावधि सूक्ष्म जंतु टपलेलेच असतात. असंपृक्त मेदाम्लें त्यांना बाधतात, म्हणून तीं हायड्रोजन जोडून त्यांचें रूपच पालटतात. म्हणजे शेळीच्या घरीं पाहुणे आधीं जेवतात आणि यजमानीण मागाहून! जवस कितीहि चारला तरी त्यांतील ओमेगा-३ चा थोडाच अंश तिच्या दुधांत उतरतो. शिवाय तेल फार झाल्यास चोथा पचविणारे जंतु दबतात व शेळीचें खाणें मंदावतें.

सशाच्या पोटाची मांडणी उलट आहे. रानससा असो वा शहरांतील घरीं पाळलेला विलायती पांढरा ससा असो. त्याचें अन्न आधीं जठरांतून लहान आंतड्यांत जातें व तेल तेथेंच बहुतेक शोषलें जातें. जंतूंची वसाहत त्यापुढें, अंधांत्र नांवाच्या एका टोकास बंद असलेल्या मोठ्या पिशवींत असते. तेथें चोथा आंबून जीं लहान अम्लें निपजतात त्यांवर सशाच्या उष्णतेचा मोठा वांटा भागतो. ह्या पिशवींतून मऊ लेंड्या निघतात आणि ससा त्या गुदद्वारींच तोंड लावून परत गिळतो. किळस करण्याचें कारण नाहीं. जंतूंनीं तयार केलेलीं जीवनसत्त्वें व प्रथिनें त्यास अशींच लाभतात. जंतूंच्या देहांतील स्निग्धांशहि ह्याच वाटेनें त्याच्या मांसांत पोहोंचतो.

ह्या रचनेमुळें आहारांत थोडासा जवस मिसळला तरी सशाच्या चरबींत ओमेगा-३ लवकर वाढतें. पुढें जंतूंच्या वांट्यास उरतें तें न शोषलेलें शिल्लक तेल. मोजक्या जवसानें त्यांच्या वस्तींत मोठी उलथापालथ होत नाहीं. मात्र तेलाचा मारा झाला आणि चोथा कमी पडला, तर गोष्ट वेगळी.

मेदाम्लांचा जंतूंवर खरा अंमल पाहावयाचा असेल तर सशाच्या पिलाकडे पाहावें. मादी पिलांस बहुधा दिवसांतून एकदांच, तेंहि कांहीं मिनिटेंच, पाजते. तरी दूध पिणाऱ्या पिलाच्या जठरांत जंतु जवळजवळ आढळत नाहींत. दुधांतील चरबी पिलाच्या पोटांत फुटून आठ व दहा कार्बनांचीं लहान मेदाम्लें सुटतात, आणि तीं जंतूंचा संहार करतात, हें १९६० नंतरच्या दशकांत सिद्ध झालें. आईच्या दुधानें घातलेला हा पहाराच होय.

चार-पांच आठवड्यांनीं दूध तुटतें आणि पहारा उठतो. पिलाच्या जठरांतील आम्लता अद्याप पुरती तीव्र झालेली नसते, अंधांत्रांतील वसाहत अजून स्थिरावलेली नसते. नेमक्या ह्याच दिवसांत घरांतील मुलें कौतुकानें त्याच्यापुढें पोळी, बिस्किटें, भिजविलेले हरभरे ठेवतात. कोणी ओमेगा-३ ची कीर्ति ऐकून मूठभर जवसहि घालतो. न पचलेला पिठूळ भाग अंधांत्रांत उतरतो, उपद्रवी जंतु माजतात आणि ढाळ लागून पिलू एकदोन दिवसांत दगावतें. मुलें रडतात. वडील माणसें हवेस दोष देतात, आणि पुढचें पिलूहि त्याच लाडांनीं जातें.

त्यास हवें असतें वाळलेलें गवत, तें सदासर्वकाळ समोर असावें. शिवाय स्वच्छ पाणी, आणि अन्नांत बदल करावयाचा तर आठ-दहा दिवसांत हळूहळू. जवस द्यावयाचाच असेल तर पिलू मोठें होऊन त्याच्या लेंड्या कोरड्या, गोल पडूं लागल्यावर, तोहि चिमूटभर. येरमाळ्याच्या माळावरील रानसशास मूठभर जवस कोणी घालीत नाहीं. त्याचें ओमेगा-३ गवताच्या पानांतून चोथ्यासकटच येतें.