बालकांचा लठ्ठपणा : घराची जबाबदारी आणि शासनाचे कर्तव्य



जून महिना उजाडला की कर्जत, नेरळ आणि खोपोलीच्या बाजारपेठांत गणवेशाच्या खरेदीसाठी गर्दी होते. शिंप्याच्या फितीपासून काहीच लपत नाही. दहा वर्षांच्या मुलाच्या कमरेला चौदा वर्षांच्या मुलाची विजार लागते आणि माता कौतुकाने म्हणते, "खात्यापित्या घरचा आहे." त्याच वेळी वाडीवरून आलेल्या कातकरी मातेच्या मुलाला त्याच्या वयाचा सदरा खांद्यावरून ओघळतो. एकाच बाजारातील ही दोन मापे समाजापुढे एकच प्रश्न ठेवतात : बालकाच्या ताटात काय पडावे, हे ठरविण्याची जबाबदारी कोणाची?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील अतिवजनाच्या बालकांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये १.९ टक्के होते. २०१९-२१ च्या पाहणीत ते ४.१ टक्के झाले. त्याच पाहणीत सुमारे ३५ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आढळली. सप्टेंबर २०२५ मध्ये युनिसेफने जाहीर केले की, जगातील ५ ते १९ वर्षे वयोगटात कमी वजनाच्या मुलांपेक्षा लठ्ठ मुलांचे प्रमाण प्रथमच अधिक झाले आहे. बाळसे आणि लठ्ठपणा यांत भेद आहे. बालपणी साठलेली चरबी पुढे मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार यांना वाट करून देते.

एके काळी घाट चढण्यासाठी गाडीच्या मागे इंजिने जोडली जात, तेवढ्या अवधीत कर्जत स्थानकावर प्रवासी वडा खात. तो प्रवासातील आनंद होता, नित्याचा आहार नव्हता. आज द्रुतगती मार्गावरील खालापूरचा फूड मॉल हा अनेक कुटुंबांच्या सहलीचा मुक्काम झाला आहे आणि पाच रुपयांची चटकदार पुडी दुर्गम वाडीवरील टपरीपर्यंत पोहोचली आहे. जे क्वचित खावयाचे ते रोजचे झाले, हेच या व्याधीचे मूळ होय.

यात पालकांचा वाटा मोठा आहे. रडणारे मूल शांत करण्यासाठी हाती मोबाईल आणि पुडी देणे सोपे असते. शीतपेयाच्या ३०० मिलिलिटरच्या बाटलीत साधारणतः ३० ग्रॅम साखर असते; राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत दिवसाची मर्यादा सुमारे २५ ग्रॅम सांगितली आहे. म्हणजे एका बाटलीतच दिवसाचा हिशेब तुटीत जातो. जागतिक आरोग्य संघटना मुलांना रोज किमान एक तास अंगमेहनतीचा खेळ सांगते. तो तास शिकवणीत जातो. शिवाय पिता रात्री उशिरा तळलेले खात असेल, तर त्याचा उपदेश मुलाने का मानावा?

परंतु सर्व दोष पालकांवर टाकून शासनाला मोकळे होता येणार नाही. महाराष्ट्र शासनाने मे २०१७ मध्ये शालेय उपाहारगृहांत अतिमेद, अतिसाखर व अतिमिठाच्या पदार्थांच्या विक्रीस बंदी केली. केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२० च्या नियमांद्वारे शाळेच्या फाटकापासून ५० मीटरपर्यंत ती मर्यादा वाढविली. नियम उत्तम आहेत. परंतु ५० मीटर मोजणारी फीत कोणाच्या हाती, हा प्रश्न उरतोच. करांचा विचारही व्यापाऱ्यांनी करण्याजोगा आहे. सप्टेंबर २०२५ पासून शीतपेयांवर ४० टक्के वस्तू व सेवा कर आहे, तर नमकीन, बिस्किटे, चॉकलेट आणि आईस्क्रीम यांवरील कर ५ टक्क्यांवर आला. घरखर्चाला दिलासा मिळाला, हे खरे. पण शाळेत जे निषिद्ध, तेच बाजारात स्वस्त, हा विरोधाभास आहे. मेक्सिकोने २०१४ मध्ये गोड पेयांवर स्वतंत्र कर बसविला, चिलीने २०१६ मध्ये अतिसाखरेच्या वेष्टनावर काळा इशारा सक्तीचा केला. वेष्टनावरील बारीक अक्षरे न वाचता येणाऱ्या मातेलाही अशी खूण कळते.

वीटभट्टीवर राबणाऱ्या मातेला आहारशास्त्र सांगणे सोपे आहे. तिच्या मुलाला अंगणवाडीत ताजे अन्न मिळणे हे शासनाचे कर्तव्य आहे. जेथे पालकांचा हात पोहोचत नाही, म्हणजे जाहिरात, वेष्टन, शाळेचे फाटक आणि क्रीडांगण, तेथे शासनाने उभे राहावे. जेथे शासन पोहोचू शकत नाही, म्हणजे घरचे स्वयंपाकघर आणि संध्याकाळ, तेथे पालकांनी. एकाने दुसऱ्याकडे बोट दाखविले, की मध्ये मूल उभे असते.

या भूमीत उपाय दूर नाहीत. कर्जतच्या भात संशोधन केंद्राचा तांदूळ, नाचणी, वरी, पावसाळ्यातील टाकळा आणि कुर्डू ही येथील संपत्ती आहे. ऊनोदरी, म्हणजे भुकेहून चार घास कमी खाणे, आणि सूर्यास्तापूर्वी भोजन हे संस्कार या समाजाला वारशाने मिळाले आहेत. मात्र पाठशाळेतून बाहेर पडणाऱ्या बालकाच्या हाती प्रभावना म्हणून वेफर्सची पुडी किंवा चॉकलेट येत असेल, तर आत शिकविलेला संयम दारातच विसरला जातो. त्याऐवजी चणे, खजूर, वही किंवा खेळण्याची दोरी का देऊ नये? सुवर्ण महोत्सवी वर्षात हा लहानसा बदल विश्वस्तांनी करावा. लठ्ठ मुलाची चेष्टा मात्र कोणी करू नये. दोष त्याचा नाही. त्याचे ताट मोठ्यांनीच वाढलेले असते.

शासनाचा आदेश येण्यास वर्षे लागतात. घरातील ताट आज रात्रीच बदलता येते.

जय जिनेंद्र.