सुट्टी विश्रांतीची हवी



मागं आम्ही चार दिवसांत कोकणातली सहा गावं ‘केली’. आई बहुतेक वेळ गाडीतच. घरी आल्यावर म्हणाली, “समुद्र नीट बघायचा राहिलाच रे!”

पुढच्या खेपेला एकच गाव, गुहागर. तीन रात्री मुक्काम. व्याडेश्वराचं देऊळ आणि किनारा दोन्ही गावातच, त्यामुळे धावपळ नाही. आई रोज संध्याकाळी वाळूत खुर्ची टाकून बसायची.

समुद्र नको असेल, तर वाईजवळचं मेणवली आहे. नाना फडणवीसांचा वाडा, मागे कृष्णेचा घाट. मात्र घाटाला पायऱ्या आहेत.

म्हणून सांगतो, ठिकाण ठरवताना आधी घरातल्या सर्वांत थकलेल्या माणसाला विचारा. आणि पाण्यात उतरण्याआधी भरती-ओहोटीचं गावकऱ्यांना!