दाबलेला प्रकाश

दिवा मालवला, दारेखिडक्या लावल्या, तरीही खोलीतील प्रकाशाची चुळबुळ थांबत नाही. हे चमत्कारिक वाटेल. पण पुंजभौतिकीचा तसा निर्वाळा आहे. प्रत्येक प्रकाशतरंगाचे दोन भाग कल्पिता येतात, एक दुसऱ्याच्या पाव हेलकावा मागे. दोहोंचे माप एकाच वेळी बिनचूक घेता येत नाही. प्रकाश मुळीच नसला, तरी दोहोंत थरथर उरते, आणि ती सारखी वाटलेली असते.

मात्र निसर्गाचा निर्बंध आहे तो दोन थरथरींच्या गुणाकारावर. वाटणी समानच हवी, असा त्याचा आग्रह नाही. एक दाबावी, दुसरी फुगू द्यावी. असा तो दाबलेला प्रकाश.

दाबायची कशी? नागपंचमीच्या झोक्यावर उभी असलेली मुलगी आठवावी. एका हेलकाव्यात ती दोनदा वाकते, दोनदा ताठ होते. वेळ साधली, तर झोका चढतो. वेळ उलटी पडली, तर तीच मेहनत झोका मंदावते. लिथियम नायोबेटसारख्या स्फटिकात हेच घडते. साधारण प्रकाशाला तो काचेसारखा वाट देतो. पण प्रखर लेसरखाली त्याचा प्रतिसाद प्रकाशाच्या प्रमाणात राहत नाही. यालाच अरेषीय वर्तन म्हणतात. हिरवा लेसर त्याला दुप्पट वारंवारतेने, म्हणजे अवरक्त तरंगाच्या एका हेलकाव्यात दोनदा, हलवतो. ताल जुळलेला भाग वाढतो, पाव हेलकावा मागे असलेला विरतो. कणांच्या भाषेत, एक हिरवा फोटॉन फुटून दोन अवरक्त जुळे जन्मतात. ही शिस्त त्या जुळेपणाची.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९८५ साली सोडियमच्या अणूंकडून असा प्रकाश प्रथम मिळाला. पुढच्याच वर्षी टेक्सासमध्ये किंबल व सहकाऱ्यांनी स्फटिकाने थरथर निम्म्याहून अधिक घटवली.

याचा उपयोग कार्लटन केव्ह्‌ज यांनी १९८१ सालीच सुचवला होता. गुरुत्वतरंग टिपणाऱ्या लायगो यंत्रात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांतून परतलेले प्रकाश एकमेकांना जवळजवळ पुसून टाकतात. उरलेल्या अंधारातच वार्ता शोधायची. परंतु त्याच अंधाऱ्या दारातून रित्या अवकाशाची थरथर आत शिरते. २०१९ पासून तेथे दाबलेली थरथर सोडली जाते. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ असेच यंत्र उभारण्यास केंद्र सरकारने २०२३ साली मंजुरी दिली आहे.

काम मोठे नाजूक. वाटेत शंभरांतले दहा फोटॉन हरवले, की त्यांच्या जागी साधी थरथर येऊन बसते. मग स्फटिक कितीही उत्तम असो, दहा टक्क्यांखाली ती उतरत नाही. शिवाय फुगलेली दुसरी थरथर चाळीस किलोंच्या आरशांना ढकलते, मंद तरंग ऐकताना तर विशेषच. म्हणून लायगोत २०२३ पासून तीनशे मीटरांची आणखी एक नळी वापरली जाते. मंद तरंगांसाठी कोणती थरथर दाबायची आणि द्रुत तरंगांसाठी कोणती, याची निवड आता ती करते.