दार लागल्यावर
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी सांगितलं, "तुझ्या क्षेत्रातलं काहीतरी बोल, पण पाच मिनिटांत." सॉफ्टवेअरवर बोलले तर तुम्ही जेवायला निघून जाल. म्हणून आपल्या डोंबिवलीकरांच्या जिव्हाळ्याच्या विषयावर बोलते : लोकल.

दहावीत विज्ञानाच्या बाईंनी एका तासाला फळ्यावर विद्युत मोटरची आकृती काढली आणि पुढच्या तासाला जनित्राची. "यंत्र तेच, फक्त काम उलटं," असं त्या म्हणाल्या होत्या. मला ते तेव्हा मार्कांपुरतंच कळलं. २००७ पासून मुंबईत ज्या नव्या लोकल आल्या, त्या ब्रेक लावताना नेमकं हेच करतात. मोटरचं जनित्र होतं, तयार झालेली वीज वरच्या तारेत परत जाते आणि जवळपास धावणाऱ्या दुसऱ्या गाडीला मिळते. जुन्या गाड्यांत हीच ऊर्जा ब्रेक घासून, तापून वाया जायची. बाई, तुमचा तो तास मला खरा समजला तो लोकलमुळे!

पुढे २५ डिसेंबर २०१७ ला पश्चिम रेल्वेवर पहिली वातानुकूलित लोकल धावली. चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत बनलेली, बारा डब्यांची. सगळे तिला 'एसी' म्हणतात. पण माझ्या मते तिचं मोठेपण गारव्यात नाही, दारात आहे. दारं आपोआप लागतात, आणि ती लागल्याशिवाय गाडी हलत नाही. आमच्या भाषेत ही एका ओळीची अट : सगळी दारं बंद असतील, तरच मोटरला वीज.

ही एक ओळ मला का महत्त्वाची वाटते, ते सांगते. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. सबमिशनचा दिवस, फास्ट गाडी, आणि मी लेडीज डब्याच्या दारात एका पायावर. पारसिकच्या बोगद्यात शिरल्यावर दांडीवरचा हात सुटायला लागला. आतल्या एका बाईंनी माझ्या सॅकचा पट्टा मुठीत धरला आणि ठाण्यापर्यंत सोडला नाही. ठाण्याला गर्दीनं आम्हाला वेगळं केलं. आभार मानायचे राहिले. घरी मी हे कधीच सांगितलं नाही. आज आई समोर बसली आहे, तिला पहिल्यांदाच कळतंय.

९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दारात लटकलेली माणसं पडली, काहींचे जीव गेले. ती बातमी वाचताना माझा हात आपोआप खांद्यावरच्या पट्ट्याकडे गेला. त्यानंतर रेल्वेनं जाहीर केलं, की मुंबईच्या नव्या लोकलना आपोआप लागणारी दारं असतील, बिगर-एसी गाड्यांनासुद्धा. मला हे फार मोलाचं वाटतं. जीव वाचवणारं दार फक्त जास्त पैसे मोजणाऱ्यालाच का मिळावं?

पण इंजिनिअर म्हणून दुसरी बाजूही सांगायला हवी. आपल्या शाळेचं फाटक प्रार्थनेच्या आधी बंद व्हायचं. उशिरा आलेल्यांना मामा प्रार्थना संपली की आत घ्यायचे. गाडीत असे मामा नसतात. दार लागलं की बाहेर राहिलेला फलाटावरच राहतो, त्याचा लेटमार्क लागतो. शिवाय गर्दीत दारं लागायला वेळ गेला, की मागच्या गाड्या रखडतात. म्हणजे नुसती दारं पुरणार नाहीत, गाड्याही वाढायला हव्यात. दारात लटकणारा हौसेनं लटकत नाही. त्याला पुढच्या गाडीची खात्री नसते.

ती खात्री देणं हे आपल्या पिढीच्या इंजिनिअरांचं काम आहे. आपल्यातले दोघं-तिघं रेल्वेतच आहेत, जेवताना त्यांना मी गाठणारच आहे!

तोवर एक विनंती. आज रात्री परतताना गाडी सुटत असेल, तर सुटू द्या. आपण पन्नाशीकडे झुकलोय. पुढची गाडी येईपर्यंत फलाटावर गप्पा मारू.