मेथीची जागा ताटात

शेतकरी दादाजी खोब्रागडे यांचं नांदेड हे गाव चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातलं. १९८३ साली शेतातल्या धानात वेगळी दिसलेली लोंबी त्यांनी बाजूला काढली, तिचं बी वर्षानुवर्षं निवडत नेलं आणि त्यातून एचएमटी तांदूळ उभा राहिला. आज हा बारीक तांदूळ दूरदूरच्या बाजारात विकला जातो, पण ज्या पट्ट्यात तो जन्मला तिथं दोन्ही वेळच्या ताटात भातच असतो, आणि ताटातला पांढरा, पॉलिश केलेला तांदूळ पोटात गेल्यावर लवकर साखर होऊन रक्तात उतरतो. मधुमेह हा शहरातल्या बसून काम करणाऱ्यांचा आजार, ही समजूत आता टिकत नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत सुमारे १० कोटी भारतीयांना मधुमेह असल्याचा आणि आणखी १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर असल्याचा अंदाज आहे. मग घरोघरी मेथीचा विषय निघतो. रात्री चमचाभर दाणे भिजत घालायचे, सकाळी उपाशीपोटी ते पाणी प्यायचं, दाणे मात्र कडू लागतात म्हणून टाकून द्यायचे, अशी रीत बऱ्याच घरांत दिसते. मेथीचा उपयोग होतो, पण या रीतीत त्यातला बराचसा वाया जातो.

मेथीचा दाणा दाताखाली फोडून तोंडात घोळवला तर थोड्या वेळानं जीभ बुळबुळीत होते. हा बुळबुळीतपणा म्हणजेच मेथीचा मुख्य गुण. दाण्यात गॅलॅक्टोमॅनन नावाचा विरघळणारा तंतू भरपूर असतो. पाणी मिळालं की तो फुगतो आणि त्याचा चिकट लगदा होतो. हा लगदा भातात मिसळला की जठरातून अन्न सावकाश पुढं सरकतं, आतड्यात साखर हळूहळू शोषली जाते आणि जेवणानंतर रक्तातली साखर एकदम उसळत नाही. याखेरीज दाण्यातलं एक अमिनो आम्ल इन्शुलिन स्रवायला मदत करतं, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. पण तंतूचं काम घडायचं तर भात आणि मेथी एकाच वेळी पोटात हवीत. सकाळी सहाला प्यायलेलं पाणी दुपारी बाराच्या भाताला कसं अडवणार? त्या पाण्यात तंतू थोडाच उतरलेला असतो, बाकीचा टाकून दिलेल्या दाण्यांत जातो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं १९९० साली जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात मेथीचं तेल काढलेलं पीठ दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणातच मिसळून दिलं होतं. दहा दिवसांत रुग्णांच्या लघवीतून जाणारी साखर ५४ टक्क्यांनी घटली. मात्र ते पीठ रोज १०० ग्रॅम होतं आणि इन्शुलिन घेणाऱ्या रुग्णांना संशोधकांच्या देखरेखीखाली दिलं होतं. घरी कुणी तेवढी मेथी खाऊ नये.

घरी जमण्याजोगं प्रमाण २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका भारतीय अभ्यासात सापडतं. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या १४० जणांपैकी काहींना तीन वर्षं रोज दोनदा, जेवणाआधी, पाच-पाच ग्रॅम मेथीपूड दिली. ज्यांना ती दिली नाही, त्यांना मधुमेह होण्याची शक्यता सुमारे चारपट निघाली. पाच ग्रॅम म्हणजे चहाचा एक शीग भरलेला चमचा. अर्ध्या चमच्यापासून सुरुवात करावी, नाहीतर पोटात वायू धरतो, जुलाबही होतात. पूड वरणात कालवावी किंवा भिजलेले दाणे भाजीत घालून चावून खावेत. कोरडी पूड तोंडात टाकू नये, ती घशात फुगते. राहिले मेथीचे लाडू. बाळंतिणीसाठी ते ठीकच, पण गुळातुपात वळलेला लाडू मधुमेहावरचा उपाय म्हणून खाणं म्हणजे स्वतःचीच समजूत घालणं.

यावर कुणी म्हणेल, मेथी इतकी गुणाची असेल तर गोळ्या कशाला? इथं आकडे नीट वाचायला हवेत. २०१४ साली दहा चाचण्यांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्यात उपाशीपोटीची साखर सरासरी १७ मिलिग्रॅमच्या आसपास उतरलेली दिसली, आणि त्यातल्या अनेक चाचण्या लहान, कच्च्या आखणीच्या होत्या. ज्याची साखर २४० आहे त्याची २२३ झाली, तर डोळे आणि मूत्रपिंडं वाचतील का? रासायनिक गोळी नको, झाडपाला हवा, असा हट्ट धरणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं की मेटफॉर्मिन या गोळीचं मूळ गॅलेगा नावाच्या युरोपातल्या वनस्पतीत आहे, आणि ती मेथीच्याच कुळातली, म्हणजे शेंगा धरणारी. माणसांवर मेटफॉर्मिनचा मधुमेहासाठी वापर १९५७ साली नोंदवला गेला, आणि आज त्याच्या प्रत्येक गोळीत औषध किती, हे छापलेलं असतं. मेथीच्या दाण्याबाबत तशी खात्री कुणी देत नाही.

दुसरा आक्षेप असा की स्वयंपाकघरातली वस्तू अपाय कसा करील? फोडणीतले चार दाणे करणार नाहीत. चमच्यानं खाल्लेली मेथी करू शकते. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्शुलिन चालू असताना वर मेथीही घेतली, तर साखर गरजेपेक्षा खाली जाऊ शकते. आपल्याकडे याचा खरा धोका रोवणीच्या दिवसांत. सकाळी गोळी घेऊन बाई बांधीत उतरते, कंबर वाकवून चिखलात रोवणी करते, जेवण लांबतं. घाम फुटला, हात कापले, डोळ्यांपुढं अंधारी आली, तर ते उन्हामुळं किंवा थकव्यामुळं असं समजून सगळे सोडून देतात. अशा वेळी आधी साखर किंवा गूळ तोंडात घालावा, मग कारण शोधावं, आणि मेथी सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना सांगून गोळीचं प्रमाण तपासून घ्यावं. रक्त पातळ करणारं वॉरफेरीन चालू असेल तर विचारल्याशिवाय मेथी वाढवू नये, गरोदरपणात चमच्यानं खाऊ नये, शेंगदाणा किंवा हरभरा ज्यांना बाधतो त्यांनी जपून राहावं. इतर गोळ्या आणि मेथी यांत तास-दोन तासांचं अंतर ठेवावं, कारण तो लगदा औषधही अडवतो. मोड आणलेली मेथी कच्ची खाणंही टाळावं. २०११ साली जर्मनीत मोड आलेल्या मेथीतून पसरलेल्या जंतुसंसर्गानं पन्नासहून अधिक माणसं दगावली. वाफवून घेतली की हा धोका राहत नाही.

शेवटची गोष्ट चंद्रपूर-गडचिरोलीसाठी विशेष महत्त्वाची. मेथीचा गुण आला की नाही, हे लोक तीन महिन्यांच्या शुगरवरून, म्हणजे एचबीएवनसीच्या तपासणीवरून ठरवतात. ही तपासणी तांबड्या पेशींना चिकटलेली साखर मोजते. आपल्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर आहे. या आजारात तांबड्या पेशी लवकर मरतात, त्यांना साखर चिकटायला पुरेसा अवधीच मिळत नाही, आणि साखर वाढलेली असूनही आकडा कमी येतो. ज्यांच्यात सिकलसेलचं एकच सदोष जनुक आहे, त्या वाहकांमध्येही काही पद्धतींनी केलेली तपासणी चुकू शकते. असा कमी आकडा हाती पडला की श्रेय मेथीला मिळतं आणि गोळी बंद होते. म्हणून अशा घरांनी उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर मोजून त्याचीच नोंद ठेवावी, आणि सिकलसेलचं कार्ड असेल तर रक्त द्यायच्या आधीच ते तपासनीसाला दाखवावं.