कोठीची खोली

जुन्या मराठी वाड्यांत स्वयंपाकघराला लागून एक अंधारी, थंड खोली असे. धान्याच्या कणग्या, तेलाचे बुधले, गुळाच्या ढेपा आणि लोणच्याच्या बरण्या यांचें वसतिस्थान म्हणजे ही कोठीची खोली. तिची किल्ली घरांतील वडीलधाऱ्या स्त्रीच्या कमरेला असे. आणि घराचा कारभार कोणाच्या हातीं आहे, तें त्या किल्लीवरून कळे.

'कोठी' शब्दाचें मूळ संस्कृत 'कोष्ठ' हें होय. प्राकृतांत 'ष्ठ'चा 'ट्ठ' झाला आणि मराठींत 'ठ' उरला. ज्या वाटेनें ओष्ठाचा ओठ आणि पृष्ठाची पाठ झाली, त्याच वाटेनें कोष्ठिकेची कोठी आणि कोष्ठागाराचें कोठार झालें. कोठी सांभाळणारा तो कोठावळा. कोठावळे हें आडनांव त्याचीच आठवण देतें.

अमरकोशांत 'कोष्ठ' शब्दाचे तीन अर्थ दिले आहेत: पोटाचा अंतर्भाग, धान्याचें कोठार आणि घराची आंतली खोली. मराठीनें हा वारसा टाकलेला नाहीं. 'कोठा जड झाला' असें म्हणतांना पोटच अभिप्रेत असतें. तेव्हां कोठी हें घराचें पोट म्हटल्यास तो केवळ अलंकार होणार नाहीं. शब्दाचा अर्थच तसा आहे.

राज्यालाहि असें पोट लागतें. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत कोष्ठागाराच्या अध्यक्षासाठीं स्वतंत्र अध्याय आहे. सांठ्यांतील अर्धा भाग प्रजेच्या आपत्तीसाठीं राखावा, अर्धाच वापरावा, आणि नवें येतांच जुन्याची जागा नव्यानें भरावी, असा त्याचा दंडक. शिवकालीन बारा महालांत कोठी हा एक महाल गणला जाई. १६६० सालीं सिद्दी जौहरानें ज्या पन्हाळ्याला वेढा घातला, त्या गडावर गंगा, यमुना व सरस्वती या नांवांच्या धान्यकोठ्या आजहि उभ्या आहेत. तट कितीहि भक्कम असला, तरी कोठी रिकामी झाली कीं गड पडतो.

जुन्या गृहिणीनें अर्थशास्त्र वाचलें नव्हतें. तरी तिचा दंडक तोच होता. नवा तांदूळ मागें, जुना पुढें; डाळीला एरंडेलाचा हात, धान्यांत कडुलिंबाचा पाला; आणि कणगीचा तळ दिसण्यापूर्वींच पुढची तजवीज. दाराशीं अवेळीं पाहुणा आला, तरी तिला शेजारीं जावें लागत नसे.

आज शहरांतील बिऱ्हाडांत कोठीची खोली राहिली नाहीं. चार डबे ओट्याखालीं मावतात. लग्नघरीं मात्र शिधासामग्रीच्या खोलीला अजून कोठीच म्हणतात आणि तिची किल्ली विश्वासाच्या माणसाकडेच देतात. खोली गेली, याचें फारसें दुःख नको. जागेची टंचाई कोणाला चुकली आहे? परंतु अर्धें वापरावें आणि अर्धें राखावें, ही जी शिस्त त्या खोलीनें पिढ्यान्‌पिढ्या शिकविली, ती चार डब्यांच्या संसारांतहि पाळतां येते. ती पाळली, तर कोठी हा शब्द केवळ कोशांत उरणार नाहीं.