फाटकाबाहेरचा जपान

३१ ऑगस्ट २०२३ रोजी तोक्योमधल्या इकेबुकुरोचं सेइबु हे प्रचंड डिपार्टमेंट स्टोअर दिवसभर बंद राहिलं. कामगार संपावर होते. जपानमधल्या मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरमधला हा ६१ वर्षांतला पहिला संप. मालक कंपनी सेव्हन अँड आय हा सगळा व्यवसाय अमेरिकेतल्या फोर्ट्रेस या गुंतवणूक कंपनीला विकायला निघाली होती. दुकानाच्या जागेचा मोठा भाग योदोबाशी कॅमेराकडे जाणार होता. मग आमच्या नोकऱ्यांचं काय, एवढाच युनियनचा सवाल होता. त्याचं धड उत्तर मिळेना, तेव्हा युनियननं मतदान घेतलं आणि नव्वद टक्क्यांहून जास्त सभासदांनी संपाला कौल दिला.

संपाच्याच दिवशी संचालक मंडळानं विक्रीवर शिक्कामोर्तब केलं. दुसऱ्या दिवशी व्यवहार पुरा झाला. त्या अर्थानं संप फसला. पण त्या दिवशीच्या मोर्चात दुसऱ्या, स्पर्धक स्टोअर्सच्या युनियनची माणसंही चालत होती, आणि मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. का, ते सांगण्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

जपानी कामगार मुळातच शांत आणि आज्ञाधारक, असा आपला समज असतो. इतिहास तसं सांगत नाही. १९५० साली टोयोटा दिवाळखोरीच्या काठावर होती. सोळाशे माणसं कमी करण्याचा बेत जाहीर झाला आणि कारखाना पेटून उठला. अखेर कंपनीचे संस्थापक किइचिरो तोयोदा यांनी राजीनामा दिला. १९५३ साली निस्सानमध्ये मोठा संघर्ष झाला. १९६० साली क्युशूमधल्या मिइके कोळसा खाणीत बाराशेहून अधिक कामगारांच्या बडतर्फीवरून महिनोन् महिने लढा चालला आणि कामगार त्यात हरले.

या रक्त आटवणाऱ्या भांडणांतून एक तडजोड आकाराला आली. कॉलेज संपताच एप्रिलमध्ये नोकरीला लागायचं ते निवृत्तीपर्यंत. वयाबरोबर पगार चढत जाणार. प्रत्येक कंपनीची स्वतःची युनियन, आणि कारखान्यातला कामगार नि कचेरीतला कारकून तिचे सारखेच सभासद. मोबदल्यात कंपनी सांगेल ते काम, सांगेल त्या गावी बदली, लागेल तितका ओव्हरटाइम. १९५५ पासून दर वसंतात अनेक युनियन एकाच वेळी पगारवाढ मागू लागल्या. या मोसमी लढ्याला शुन्तो म्हणतात. तेलसंकटानंतर, १९७४ मध्ये, त्यातून जवळपास ३३ टक्के वाढ मिळाली. पुढच्या वर्षी युनियननी आपणहून हात आखडता घेतला, १३ टक्क्यांवर समाधान मानलं आणि बदल्यात नोकऱ्या शाबूत ठेवून घेतल्या. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानंही बजावलं, की सबळ कारणावाचून कामगाराला काढणं म्हणजे अधिकाराचा गैरवापर.

ही व्यवस्था अनेकांना सुखाची झाली, यात शंका नाही. पण ती सगळ्यांची कधीच नव्हती. ती मोठ्या कंपन्यांतल्या पुरुषांची होती. बायकांनी लग्न झालं की नोकरी सोडावी, ही अपेक्षा. मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या वर्कशॉपमधल्या कामगाराला तो पगार नाही नि ती हमीही नाही. युनियन कंपनीची, त्यामुळे तिची नजर कंपनीच्या फाटकाशी थांबे. फाटकाबाहेरच्यांशी तिचं नातं जुळलंच नाही.

नव्वदच्या दशकात जमिनीचे नि शेअर्सचे भाव कोसळले. कंपन्यांनी आतल्यांना सहसा काढलं नाही, पण नवी भरती मोठ्या प्रमाणात घटवली. याची किंमत कुणी मोजली? १९९३ पासून पुढची दहा-बारा वर्षं जी मुलं कॉलेजातून बाहेर पडली त्यांनी. जपानमध्ये भरतीचं दार नव्या पदवीधरांसाठी वर्षातून एकदा उघडतं. तेव्हा आत जाता आलं नाही, तर पुढच्या वर्षी तुम्ही जुने झालेले असता. केवळ जन्मसाल चुकलं म्हणून लक्षावधी माणसं आयुष्यभर हंगामी राहिली, हा अन्याय मला त्या देशाच्या अलीकडच्या इतिहासातला सर्वांत मोठा वाटतो. २०१९ मध्ये ताकाराझुका नगरपालिकेनं या पिढीसाठी लिपिकांच्या मोजक्या जागा काढल्या, तर दीड हजारांहून जास्त अर्ज आले. अर्ज करणाऱ्यांपैकी अनेकांनी चाळिशी गाठली होती, काहींनी ओलांडलीही होती.

कायद्यानं या माणसांना हात देण्याऐवजी वाट आणखी निसरडी केली. कामगार पुरवणाऱ्या कंपन्यांना १९८५ च्या कायद्यानं मोजक्या कामांपुरती परवानगी होती. १९९९ मध्ये बहुतेक कामं खुली झाली, २००४ मध्ये कारखानेही. २००८ साली जागतिक मंदी आली तेव्हा वाहन आणि इलेक्ट्रॉनिक्स उद्योगांनी आधी हे हंगामी कामगार परत पाठवले. अनेक जण पुरवठादार कंपनीच्याच वसतिगृहात राहत. काम गेलं त्याच दिवशी डोक्यावरचं छप्परही गेलं. त्या वर्षअखेरीला कार्यकर्त्यांनी तोक्योच्या हिबिया बागेत तंबू ठोकले, गरम जेवण सुरू केलं. सुमारे पाचशे माणसं आली. समोरच कामगार मंत्रालयाची इमारत. गर्दी इतकी झाली की मंत्रालयाला आपलं सभागृह निजायला उघडून द्यावं लागलं. समृद्ध जपानचं हे चित्र तिथल्या लोकांनीही प्रथमच पाहिलं.

फाटकाच्या आत तरी सगळं आलबेल होतं का? अतिकामानं मरण येणं ही तिथे कायद्यात नोंदलेली गोष्ट आहे. एका नामांकित जाहिरात कंपनीतल्या तरुण मुलीनं २०१५ च्या नाताळात आत्महत्या केली, देश हादरला, आणि २०१९ पासून ओव्हरटाइमवर कायद्यानं मर्यादा आली. तरीही निकडीच्या महिन्यात जवळपास शंभर तास जादा काम चालतं. ही मर्यादा माणसाच्या शरीराला साजेशी नाही, असं मी स्पष्ट म्हणेन.

आज हवा बदलते आहे. माणसांचा तुटवडा आहे. २०२४ च्या शुन्तोत पगारवाढ पाच टक्क्यांवर गेली, ३३ वर्षांत प्रथमच. परदेशी कामगारांची संख्या २०२४ मध्ये तेवीस लाखांवर पोचली. पुण्यात जपानी भाषा शिकणारी कितीतरी मुलं तिकडच्या नोकरीची स्वप्नं पाहतात. त्यांना मी आवर्जून सांगतो, करारावर कुणाची सही आहे ते आधी पाहा. जिथे काम करणार त्या कंपनीची, की पुरवठादाराची? मुदत किती? मुदतीचे करार पाच वर्षांहून जास्त चालले, तर बेमुदत नोकरी मागण्याचा हक्क तिथला कायदा देतो. तो माहीत असू द्या.

पण जपानमधले एक तृतीयांशाहून जास्त नोकरदार आजही कायमस्वरूपी नाहीत, आणि युनियनचे सभासद शंभरात सोळाच उरले आहेत. म्हणून मला पगारवाढीच्या टक्केवारीपेक्षा इकेबुकुरोचा तो मोर्चा मोठा वाटतो. एका कंपनीच्या कामगारांसाठी दुसऱ्या कंपनीचे कामगार रस्त्यावर आले.

त्याच २०२३ सालची आणखी एक घटना. एबीसी-मार्ट या चपला-बुटांच्या दुकानसाखळीत पार्ट-टाइम काम करणारी एक बाई. महागाई वाढत असताना पगार वाढेना, म्हणून तिनं दहा टक्के वाढ मागितली. दुकानातलं कुणी बरोबर नव्हतं. ती बाहेरच्या एका सर्वसाधारण युनियनची सभासद झाली. युनियनचा एकच सभासद कामावर असला तरी कंपनीला वाटाघाटीस नकार देता येत नाही, हा जपानचा कायदा. तिनं एकटीनं संपही केला. अखेर कंपनीनं सरासरी सहा टक्के वाढ मान्य केली, आणि ती तिच्यासारख्या सुमारे पाच हजार जणांना मिळाली.